तळहाताएवढी पाठ

रविवार, ९ नोव्हेंबर

दादा,
जय भीम.

हे पत्र लिहायचं मी दीड वर्ष टाळतोय. अगदी टाळतोय असंही नाही, सुरू करतो आणि राहून जातं. पहिलं गोव्यात सुरू केलं होतं, हॉटेलच्या मेनूकार्डाच्या मागे. ‘दादा’ एवढं लिहिलं आणि बाहेर कोणीतरी ओरडलं, केवढं मोठं कासव आलंय बघा. गेलो बघायला. कासव नव्हतंच, उलटी पडलेली होडी होती. परत आलो तर कार्डावर कोणीतरी सोलकढी सांडलेली. दुसरं नाशिकला, द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर. ती पेटी माझी पाठ वळल्यावर पॅक होऊन गेली. कुठल्यातरी अनोळखी माणसाला द्राक्षांबरोबर ‘दादा, माझं चुकलं’ एवढं फुकट मिळालं असेल. तिसरं हिमाचलात, सफरचंदाच्या सीझनला. ते चक्क पूर्ण झालं. वाचून पाहिलं तर त्यात सगळं सफरचंदांचंच होतं. फाडलं.

हे चौथं. हे टाकणार.

तू माझा नंबर ब्लॉक केलास ते एका परीने बरंच झालं. फोनवर मी पटकन खोटं बोलतो, तुला माहितीये. कागदावर खोटं लिहायला घेतलं की हात अवघडतो. बहुतेक अक्षर वाईट आहे म्हणून. दहावीला तू शुद्धलेखनाची वही आणून दिली होतीस, तिच्यात मी विमानांची चित्रं काढली होती.

असो. सांगायचं होतं ते असं की मी बाळीसाठी स्वेटर विणतोय.

हसू नकोस. खरंच विणतोय, हाताने, दोन सुयांवर. बाळी म्हणतो कारण तिचं नाव काय ठेवलंत ते मला माहीत नाही. दवाखान्यात तिच्या पायाच्या पट्टीवर ‘दीपमाला यांचं बाळ’ एवढंच होतं, आणि ती पट्टीही तिला मांडीपर्यंत सरकत होती. ती घरी आली हे मला कळलंय. गोव्याहून दुसऱ्याच्या फोनवरून दवाखान्यात फोन केला होता, तुझं नाव सांगून. सिस्टर म्हणाल्या, “अहो, परवाच तर घेऊन गेलात, विसरलात का? केवढी ओरडत गेली!” मी म्हटलं, “हो हो, तेच विचारायचं होतं.” काय विचारायचं होतं ते त्यांनाही कळलं नाही. पण ओरडत गेली हे ऐकून मी त्या दिवशी हॉटेलातली सगळी टेबलं दोनदा पुसली.

तर स्वेटर. मोबाईलचा डिस्प्ले फुटला होता, तो दुरुस्तीला टाकला. दुकानदार म्हणाला दोन तासांनी या. दोन तास मी एका जागी उभा राहणार का? शेजारचा एक अरुंद जिना दिसला, वर काय आहे बघू म्हणून चढलो. वर खोलीभर लोकर. छतापर्यंत. मधे चष्म्यावर चष्मा लावलेल्या एक बाई.

“काय हवंय?”

“काही नाही, बघतोय.”

“बघायला प्राणिसंग्रहालय आहे. इथे लोकर विकली जाते.”

त्या पद्मजाबाई. आता त्यांच्याकडेच शिकतोय. ‘अहो’ म्हणतात मला. “अहो चिरंजीव, सुई आहे ती, कुदळ नाही.” सुलट टाका जमलाय, उलट जमतो आणि बिघडतो. रंग कच्च्या कैरीसारखा घेतलाय.

मी कुठे आहे ते विचारू नकोस. आहे कुठेतरी. वहिनीला माझा... नको, काही सांगू नकोस.

तुझा
प्रज्ञेश


सोमवार, १७ नोव्हेंबर

दादा, जय भीम.

मागच्या पत्रात कुठे आहे ते सांगितलं नाही, पण पद्मजाबाईंचं ते प्राणिसंग्रहालयाचं वाक्य लिहून टाकलं. तसं बोलणारं दुसरं गाव आहे का जगात? आणि पाकिटावर शिक्का असतोच की. तर हो, मी पुण्यातच आहे. सप्टेंबरच्या शेवटी आलो. बाईंचं दुकान बुधवार पेठेत, मी राहतो मार्केट यार्डाच्या मागे. विश्रांतवाडीहून तू सरळ निघालास तर पाऊण तास. मी दोन महिन्यांत ते अंतर कापलेलं नाही.

काम बटाट्याच्या गाळ्यावर, क्रेट उतरवायचं. राहायला नागोराव हमालांच्या खोलीवरचा माळा मिळालाय. नागोराव नांदेडकडचे, साठी उलटली, पाठीवर अजून दोन पोती घेतात. मी दुपारी माळ्यावर विणायला बसलो की खालून हाक येते, “काय रे प्रज्ञ्या, झालं का न्हाई तुझं शिवणकाम?”

“विणकाम, नागोराव.”

“तेच की. सुई तर हाय न्हवं?”

यार्डातली बाकीची पोरं मला सूनबाई म्हणतात. म्हणू देत. एक गंमत सांगू? विणताना माझं लक्ष जात नाही इकडेतिकडे. म्हणजे जातं, पण हात चालू राहतात, आणि परत येतो तेव्हा दोन ओळी झालेल्या असतात. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं की मी नसताना काम पुढे गेलं. एकदा बसमध्ये विणत होतो, स्टॉप चुकला. पण पाठ पूर्ण झाली.

त्या पाठीचंच सांगायचंय.

पाठ पूर्ण करून मी बाईंना दाखवायला नेली. एकही टाका गळला नव्हता. बाईंनी ती टेबलावर पसरली, हाताने सपाट केली, चष्मा बदलला, पुन्हा पाहिली. मला वाटलं आता शाबासकी.

“बाळ केवढं आहे म्हणालात?”

“दीड वर्षाचं.”

“अहो, मग हे काय आहे? ही टोपी आहे, मोजा आहे, की बाहुलीचं पांघरूण?”

“पाठ आहे.”

“कोणाची पाठ एवढी असते? माप कशावरून घेतलंत?”

मी माझा हात पुढे केला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एवढीच होती ती, दादा. तूही पाहिली होतीस. काचेच्या पेटीत ती पालथी झोपवलेली असायची आणि मी बाहेरून काचेवर तळहात ठेवून बघायचो, तर तिची पाठ त्यात अख्खी मावायची. मी आठ दिवस रोज तेच माप घेतलं होतं. दुसरं कुठलं माप माझ्याकडे नाहीच ना. म्हणून सुईवर टाके घालताना हात ठेवला आणि तेवढेच घातले. दीड वर्ष झालं, ती वाढली असेल, हे डोक्याला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “वेळेआधी झालं होतं का?”

मी मान हलवली.

“किती?”

“सातव्या महिन्यात. तेराशे ग्रॅम.”

त्यांनी ती पाठ घडी करून माझ्याच पिशवीत घातली. म्हणाल्या, “ही उसवू नका. लोकर दुसरी घ्या. आणि त्या बाळाला एकदा जाऊन बघून या. मेलं, कोणी डोळे मिटून स्वेटर विणतं का?”

मी म्हटलं जाईन. रविवारी जाईन म्हटलं. रविवारी यार्डात शेवंतीचे ट्रक आले होते, ते बघत बसलो.

हे शेवंतीचं खोटं आहे. ट्रक आले होते, पण मी ते बघत नव्हतो. मी कात्रजच्या बसमध्ये बसलो होतो, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेच्या.

तुझा
प्रज्ञेश


बुधवार, २६ नोव्हेंबर

दादा,

आज सकाळी यार्डाच्या गेटवर संविधानाची उद्देशिका वाचली सगळ्यांनी. मी लहानपणी ‘सार्वभौम’ला अडखळायचो आणि तू मागून कोपर मारायचास. आजही अडखळलो. कोपर आलं नाही.

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. पण आज मी तुला जे सांगणार आहे ते वाचल्यावर तू पुढची पत्रं न फोडता टाकून दिलीस तरी माझी तक्रार नाही.

पंक्चर झालं नव्हतं.

त्या दिवशी, चोवीस मेला, तू मला वहिनीला दवाखान्यातून आणायला स्कूटरची किल्ली दिलीस आणि म्हणालास, “अकराला तिची तपासणी संपेल. गेटवर उभा राहा. इकडे तिकडे बघत बसू नकोस.” तुझे शब्द पक्के लक्षात आहेत. मी सव्वादहाला निघालो. वेळेच्या आधी निघालो होतो, हे पण खरं आहे.

वाटेत रस्ता खणलेला होता. त्यात पाण्याच्या टँकरचं मागचं चाक गेलं होतं आणि जेसीबी तो बाहेर काढत होता. शे-दीडशे माणसं उभी. टँकरमधून पाणी गळत होतं, बाया घागरी लावत होत्या. मी म्हटलं पाच मिनिटं बघू. मग साखळी तुटली. दुसरी आणली. ती त्यांनी पुढून लावली, मला दिसत होतं की पुढून लावून उपयोग नाही, मी ओरडलो, “ओ, मागून लावा, मागून!” आणि दादा, त्या जेसीबीवाल्याने माझं ऐकलं. हात करून मला पुढे बोलावलं. मी खड्ड्याच्या कडेला उभा राहून सांगत होतो आणि तो मी सांगेन तसा जेसीबीचा लांबलचक हात हलवत होता. आयुष्यात मला कोणी असं विचारलं नव्हतं. टँकर वर आला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मी फोन पाहिला. बारा वाजून वीस मिनिटं. सात मिस्ड कॉल, सातही वहिनीचे.

ती तासभर गेटवर उभी होती. मेचं ऊन. मग चालत निघाली आणि फुटपाथच्या कडेला चक्कर येऊन पडली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पंक्चर हा शब्द मी दवाखान्याच्या वळणावर ठरवला. रडत नव्हतो तेव्हा. शांतपणे ठरवला. आणि तू, तुझा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आत वहिनीला नेलेलं, तू मला म्हणालास, “जाऊ दे रे. पंक्चरला कोण काय करणार?” आणि मला खाली नेऊन वडापाव दिलास, सकाळपासून काही खाल्लं नसशील म्हणून. मी तो खाल्ला.

आठ दिवस तू माझ्याशी चांगला वागलास. तुला वाटतं मी नवव्या दिवशी पळालो कारण मला दवाखान्याचा कंटाळा आला. कंटाळा मला येतो, शाळेचा आला, आयटीआयचा आला. पण तिथला आला नव्हता. तू ऑफिसला जाताना म्हणालास, “वहिनीकडे लक्ष ठेव, तुझ्यावर सोडून जातोय.” तुझ्यावर सोडून जातोय. तू जिन्यावरून खाली गेलास आणि मी बाकावरची माझी पिशवी उचलली. वहिनी वरच्या मजल्यावर एकटी होती. हे सगळ्यात वाईट आहे, टँकरपेक्षाही. मला माहीत आहे.

मी पळालो म्हणून तू रागावलास. पंक्चरसाठी तू मला माफ केलं होतंस, पण पंक्चर झालंच नव्हतं, तर ती माफी माझ्या नावावर कशी राहील? ती परत घे. मग काय द्यायचं ते ठरव, किंवा काही देऊ नकोस.

एक मागणं आहे. मागायचं तोंड नाही, तरी मागतो. बाळीचं माप हवंय. पद्मजाबाई म्हणतात आकडे नकोत, दोरा पाठवायला सांगा. छातीभोवतीच्या दोऱ्याला एक गाठ, बाहीच्या दोऱ्याला दोन, डोक्याच्या दोऱ्याला तीन. पत्र लिहू नकोस. तीन दोरे पाकिटात घाल फक्त. पत्ता मागे लिहिलाय, नागोरावांच्या नावाने, बटाट्याच्या गाळ्यांच्या मागच्या चाळीत, पत्र्याचा जिना.

स्वेटर झाला की मला तो हाताने आणून द्यायचाय. तू नाही म्हणालास तर पोस्टाने पाठवीन आणि यार्ड सोडीन. हे धमकी म्हणून नाही लिहिलं.

प्रज्ञेश


रविवार, ७ डिसेंबर

दादा, जय भीम.

दोरे आले नाहीत. म्हणून मी काल माप चोरलं.

काल सहा डिसेंबर. तू मंडळाच्या गाडीने दादरला जाणार हे मला माहीत होतं, एकही साल तू चुकवलेलं नाहीस. तू नसताना तुझ्या दारात यायचं, केवढं नीच काम. पण आलो. विश्रांतवाडी चौकात उतरलो. आपल्या गल्लीत पाण्याच्या जारचा टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला थांबलो.

तुमच्या गॅलरीत कपडे वाळत होते. तुझा पांढरा शर्ट, वहिनीची साडी, आणि मधे एक फ्रॉक. लाल, बाहीला झालर. दादा, मी त्या फ्रॉककडे किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. तो केवढा मोठा होता! म्हणजे लहानच होता. पण माझ्या हातापुढे केवढा तरी मोठा. मग माझ्या डोक्यात आलं की मागे कठडा आहे, कठड्याला गज आहेत. मोजले. छातीपाशी फ्रॉक चार गज झाकत होता. बाहीची लांबी दीड गज. तळमजल्याच्या गॅलरीलाही तसेच गज आहेत ना, एकाच कंत्राटदाराने केलेले. तिथे जाऊन वीत लावली. चार गज म्हणजे एक वीत दोन बोटं. तळमजल्याच्या आजोबांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, “कठडा विकत घ्यायचाय का?”

मी पळत पुन्हा टेम्पोमागे. तेवढ्यात वर वहिनीचा आवाज आला. “उल्का! चिमटे तोंडात नाही घालायचे!”

उल्का.

वेळेआधी आली म्हणून तूच सुचवलं असशील. मंडळातल्या कोणी मैत्री सुचवलं असेल, कोणी संघमित्रा, आणि तू म्हणाला असशील, उल्का. मी ते नाव टेम्पोमागे उभं राहून चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. टेम्पोवाल्याने विचारलं, कोणाला शोधताय?

मग गजांमधून एक हात बाहेर आला. फक्त हात, कोपरापर्यंत. आणि त्या हाताने एक चिमटा खाली टाकला. मग दुसरा. फार मन लावून टाकत होती, प्रत्येक पडला की थांबून आवाज ऐकत होती. वहिनी तिला आत घेऊन गेली. तोंड काही दिसलं नाही.

मी वर आलो नाही. आलो असतो तर वहिनीनेच दार उघडलं असतं, आणि तिने विचारलं असतं, पाणी देऊ का? ती विचारतेच. ते मला सोसलं नसतं. तिला पत्र लिहायचंही धाडस नाही म्हणून तर सगळं तुला लिहितोय.

निळा चिमटा एक माझ्याकडे आहे. रस्त्यातून उचलला, एखाद्या गाडीखाली गेला असता म्हणून.

बाईंना माप सांगितलं. त्या म्हणाल्या, “कठड्यावरून? लोक पोराला समोर उभं करून माप घेतात हो.” मग वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “दोन बोटं वाढवा. वाळत घातलेला कपडा आणि अंगातला कपडा, यात फरक बाळाचा असतो.”

प्रज्ञेश


रविवार, २१ डिसेंबर

दादा,

स्वेटर झाला.

मान आधी चुकली होती. गळा मी इतका घट्ट बंद केला की नागोरावांच्या तांब्यावरूनही उतरेना. नागोराव म्हणाले, “पोरीचं डोकं तांब्याएवढं तरी आसंल की.” बाईंनी एका खांद्यावर उघडा ठेवायला लावला, वर तीन बटणं. “बाळांना डोक्यावरून काही घातलेलं आवडत नाही. तुम्हाला तरी आवडतं का?” बटणं त्यांनीच दिली, डब्यातून शोधून, दोन सारखी आणि एक वेगळं. मी म्हटलं तिसरं वेगळं आहे. म्हणाल्या, “कळतं मला. तुमच्या डाव्या बाहीपेक्षा उजवी लांब आहे, ते मी बोलले का?”

तर तो आता माझ्यासमोर आहे, कैरीच्या रंगाचा. काल बाईंनी तो पाण्यातून काढून, टॉवेलात गुंडाळून, टेबलावर सपाट वाळवला. तारेवर टाकू दिला नाही, ओढला जातो म्हणाल्या. घेऊन निघालो तेव्हा त्या पहिल्यांदा मला ‘अरे’ म्हणाल्या. “अरे, नीट ने.”

चार पत्रं झाली, दादा. तुझा एक शब्द नाही. मला ते समजतं, खरंच समजतं. इथे एक ट्रकवाला आहे, धोंडिबा, बटाट्यासाठी इंदूरला जातो. उद्या सकाळी निघतोय, म्हणतोय चल. इंदूर मी पाहिलेलं नाही. स्वेटर आज पाकिटात घालतो, वर तुझा पत्ता लिहितो, आणि आत हे पत्र. उल्काला तो या थंडीत येईल, पुढच्या थंडीत नाही येणार. कोणी केला ते तिला सांगायची गरज नाही. बाजारातून आणला म्हणून सांग. उजवी बाही दुमडून घाला म्हणजे

दादा, मधेच उठलो होतो. आता परत बसलोय. अक्षर वाकडं येतंय त्याचं कारण खाली सांगतो.

नागोराव खालून ओरडले, “प्रज्ञ्या, खाली ये, तुझ्याकडं कोन आलंय बघ!” मला वाटलं धोंडिबा. म्हणून मीही वरूनच ओरडलो, “येतो म्हटलं ना उद्या, किती वेळा विचारशील!”

पत्र्याच्या जिन्यावर चपला वाजल्या आणि माळ्याच्या तोंडाशी वहिनी आली.

तिच्या खांद्यावर उल्का झोपलेली. वहिनी धापा टाकत होती. तिने माळाभर नजर फिरवली. नागोरावांची पोती, माझी गोधडी, सुया. मी उभा राहायला गेलो आणि डोकं पत्र्याला आपटलं.

“बसा भावजी,” ती म्हणाली. “पाणी आहे का?”

मी तांब्या दिला. ती सगळं पाणी प्यायली. मग म्हणाली, “पत्रं ह्यांनी फोडली नाहीत. फेकलीही नाहीत, कपाटावर ठेवत गेले. मी फोडली. सगळी.”

मी म्हटलं, “तिसरंसुद्धा?”

“तिसऱ्यात काय नवीन होतं? पंक्चर काढून आलेल्या माणसाच्या पँटला गुडघ्यापर्यंत ओला चिखल असतो का, मेच्या महिन्यात? मला आत नेताना तुम्ही दारात उभे होतात. दिसत होतं मला. पडले होते, आंधळी नव्हते झाले.”

दादा, तिला दीड वर्ष माहीत होतं. तुला एका शब्दाने बोलली नाही.

मी विचारलं, का? ती म्हणाली, “ह्यांना त्या दिवशी कोणीतरी धरायला हवं होतं, आणि तुम्ही एकटेच होतात तिथे. म्हटलं, बाळ घरी आलं की बोलेन तुमच्याशी. तर तुम्हीच गेलात. माझा राग टँकरचा नाही, भावजी. मी वरून हाक मारली होती त्या नवव्या दिवशी. बाक रिकामा होता, त्याचा आहे. तो अजून आहे. स्वेटरने जाणार नाही.”

मी म्हटलं, हो.

“काल ह्यांना मी बसवलं आणि पत्रं वाचून दाखवली. तिसरं सोडून. ते तुमचं तुम्ही सांगायचं. कागदावर नाही, तोंडाने.”

“दादा येईल?” मी विचारलं.

“येतील म्हणजे? खाली आहेत. गाडी लावायला जागा शोधतायत. रविवारचा यार्ड, अर्धा तास तरी लागेल.”

म्हणजे तू आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, कांद्याच्या गाळ्यांपासून फुलांच्या गाळ्यांपर्यंत गोल गोल फिरतोयस. मी पटकन उठायला लागलो. म्हटलं, फुलांच्या मागच्या बाजूला जागा असते, मी जाऊन दाखवतो, दोन मिनिटांत घेऊन येतो.

वहिनी म्हणाली, “तुम्ही इथून हलायचं नाही. वाटेत काहीतरी बघत उभे राहाल.”

आणि तिने उल्का उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

जड आहे, दादा. केवढी जड आहे. तोंड माझ्या पोटाशी आहे, नाकातून शीळ वाजते, सर्दी झालीये का तिला? डावा हात तिच्या पाठीवर ठेवलाय. सगळी बोटं पसरली तरी पुरत नाही. वहिनी म्हणते, ते येईपर्यंत लिहायचं तेवढं लिहून पुरं करा, नाहीतर तोंडाने बोलताना परत पंक्चरच सांगाल. नागोराव चहाला दूध आणायला गेलेत. खाली एक गाडी थांबली होती, ती दुसऱ्याच कोणाची निघाली.

मी हललो नाहीये. तू वर आलास की सांगतो.